बारा रेझिस्टरचा क्यूब

(व्हिडिओ सुरू: रेझिस्टरची पुडी टेबलावर रिकामी होते)

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपासच्या दुकानांत मिळतात ना, तसलेच हे साधे पाव वॉटचे रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारे तुकडे; किती अडवतात तो त्यांचा रोध, मोजायचा ओहममध्ये. पट्टे बघा. तपकिरी, काळा, लाल आणि टोकाला सोनेरी. तपकिरी म्हणजे १, काळा म्हणजे ०, लाल म्हणजे त्यापुढे दोन शून्य, झाले १००० ओहम, आणि सोनेरी म्हणतो की ५ टक्के इकडेतिकडे चालवून घ्या. असे बारा लागणारेत, एकेक बाजूला एकेक लावून क्यूब करायचाय.

नववीच्या विज्ञानात धाराविद्युतचा धडा असतो. एकसर जोडणी म्हणजे एकामागे एक, समांतर जोडणी म्हणजे सगळ्यांची दोन्ही टोकं एकत्र, आणि सगळ्यांचा मिळून परिणामी रोध. सूत्रं दोनच, एकसर असेल तर सरळ बेरीज आणि समांतर असेल तर उलट्यांची बेरीज. गणितं सोडवून होतात, मार्कही पडतात, फक्त रेझिस्टर नावाची वस्तू पोरांच्या हातात येत नाही, आणि खरं सांगायचं तर हा व्हिडिओ त्याच रागातून केलाय.

(फळा)

६ आणि ३ ओहम समांतर. फळ्यापाशी ही एक विद्यार्थिनी आणि आमचे सर. ही १/६ अधिक १/३ बरोबर १/२ करते आणि १/२ च्याच खाली दोन रेघा मारून मोकळी. सर काही खोडत नाहीत, एवढंच विचारतात, "अगं, हे R आहे का एक भागिले R?" मग उलटं करून २ येतात. दोघांपुरता एक शॉर्टकटपण आहे, गुणाकार भागिले बेरीज, १८ भागिले ९, तो सगळ्यांना आवडतो आणि तिथेच घोळ होतो, कारण तिसरा रोध आला की तिघांचा गुणाकार भागिले तिघांची बेरीज करायला घेतात. वर ओहमचा घन, खाली ओहम, उत्तर ओहमच्या वर्गात. तो रोधच नाही.

(सोल्डरिंग, जवळून)

आता हे नीट बघा, घाई नाहीये. बारा रेझिस्टर म्हणजे चोवीस पाय. क्यूबला कोपरे आठ, प्रत्येक कोपऱ्यात तीन पाय येतात. पाय आधी पक्कडीने वाकवायचे, तिघांना एकमेकांत पीळ द्यायचा, मग सोल्डर गनचं टोक जोडावर टेकवून जोड तापवायचा आणि सोल्डरची, म्हणजे वितळून जोड पक्का करणाऱ्या धातूची, तार गनला नाही, जोडाला लावायची. जोड तापला असेल तर ती आपोआप आत ओढली जाते आणि चकचकीत दिसते. नुसता गोळा होऊन वर बसली तर जोड कच्चा, मीटरवरचा आकडा नाचणार. पहिला मजला झाला, चार खांब उभे केले, आता वरचा मजला. वाकडा झालाय थोडा, पण करंट काय कोन मोजत नाही!

(मल्टिमीटर)

रोध मोजायच्या मीटरचा एक प्रोब, म्हणजे वायरीचं टोक, या कोपऱ्यावर, दुसरा बरोब्बर समोरच्या, क्यूबच्या आरपार. डाव्या बाजूला एकटाच १ आलाय, तो १ ओहम नाही हां, नॉब २०० ओहमवर आहे आणि मीटर सांगतोय की रेंज पुरत नाही. नॉब २००० वर घेतला. ८२६.

आता हे एकसर का समांतर? दोन्ही नाही. सूत्र हातात आहे पण लावायचं कुठे तेच कळत नाही, आणि पोरं इथेच पेन खाली ठेवतात.

सरांनी लाल दोरा घेतला. लाल प्रोबच्या शेजारच्या तीन कोपऱ्यांना लाल, काळ्या प्रोबच्या शेजारच्या तिघांना निळा. लाल प्रोबवरून बघितलं तर तिन्ही वाटा सारख्याच, मग करंट कुणाला जास्त देईल? तिघांना सारखाच, म्हणून ते तीन कोपरे एकाच व्होल्टेजला. पाटाचं पाणी उतार असेल तरच वाहतं, तसं या तिघांच्या आपापसांत काही वाहणार नाही. मग यांना वायरने जोडून टाकलं तर?

(वायर लावताना, मग मीटर)

लाल तिघं एकत्र. निळे तिघं एकत्र. ८२६ चे ८२५ झाले, तेही रेझिस्टर अगदी सारखे नसतात म्हणून.

आणि आता चित्र परत काढा. पहिले तीन समांतर, ३३३. मधले सहा समांतर, १६७. शेवटचे तीन समांतर, ३३३. हे तीन गठ्ठे एकसर, ८३३. मूळच्या १००० चे ५/६. एंट्रन्सच्या तयारीत हे ५/६ पाठ करून टाकतात, झालं.

युक्ती जुनी आहे. व्हीटस्टन ब्रिजमध्येही, म्हणजे अनोळखी रोध मोजायच्या चार रोधांच्या जोडणीत, हेच, मधल्या गॅल्व्हानोमीटरचा, म्हणजे करंट दाखवणाऱ्या मीटरचा, काटा शून्यावर म्हणजे दोन्ही टोकं सारख्या व्होल्टेजला. तो ब्रिज सॅम्युएल हंटर ख्रिस्टीने १८३३ मध्ये मांडला, चार्ल्स व्हीटस्टनने १८४३ मध्ये लोकांपुढे आणला आणि नाव व्हीटस्टनचं लागलं. ख्रिस्टी बिचारा तळटीपेत.



(परत क्यूब, दोऱ्या सोडल्यात, वायरी काढल्यात)

आता हिने प्रोब एकाच रेझिस्टरच्या दोन टोकांना लावले. ५७९. "सर, हा तर १००० चा आहे ना?" सर उत्तर देत नाहीत, कटर देतात.

(कट)

तो एक रेझिस्टर बाहेर. त्याच दोन कोपऱ्यांवर आता १३८९. गणिताने १४०० यायला हवेत, म्हणजे बाकीचे अकरा मिळून त्या एकाला समांतर बसले होते. कापलेला एकटा मोजला, ९९३. दोनच रोध उरले, म्हणजे शॉर्टकट चालतो. ९९३ गुणिले १३८९, भागिले २३८२. ती कॅल्क्युलेटर न घेता वहीच्या मागच्या पानावर करतेय, थोडा वेळ लागेल, येतात ५७९.