आधी वाजलं, मग दिसलं

[पडदा काळा. फक्त आवाज.]

चित्र मुद्दामच दाखवत नाहीये, आधी नुसतं ऐका. ब्रासचा दणका बसतो, खालून डबल बेस पळायला लागतो, बोंगो वाजतायत, आणि एक माणूस गात नाही, नुसता बोलतो, तीन, दोन, एक मोजतो, आणि मग जे सुटतं ना ते साडेतीन मिनिटं तुम्हाला खाली बसू देत नाही.

हा 'टँक!', म्हणजे 'काउबॉय बीबॉप' या जपानी अ‍ॅनिमेशन सिरीजचं टायटल म्युझिक. टीव्हीवर ते दीड मिनिटात आटपतं, त्यामुळे ज्यांनी फक्त सिरीज बघितलीय त्यांच्यापर्यंत अर्धा माल पोचतच नाही, तो अल्बमवर आहे. शेवटाकडे कान द्या. बँड एक फटका मारून गप्प होतो आणि त्या मोकळ्या जागेत मासातो होंडाचा अल्टो सॅक्सोफोन एकटाच काहीतरी बोलून घेतो, परत फटका, परत सॅक्स, अगदी सवाल-जवाब रंगावा तसं.

[दृश्य: तोक्योतले रात्रीचे रस्ते, दिव्यांच्या पाट्या]

१९९८ चा एप्रिल. सनराइज स्टुडिओची ही सिरीज टीव्ही तोक्योवर सुरू झाली, पण २६ भागांपैकी सगळे काही तिथे लागले नाहीत, पूर्ण सिरीज लोकांना बघायला मिळाली ती ऑक्टोबरपासून वावाव चॅनलवर. पहिला अल्बम मात्र २१ मे १९९८ लाच बाजारात आला होता. म्हणजे गोष्ट अजून अर्धीसुद्धा सांगून झाली नव्हती आणि १७ ट्रॅक लोकांच्या घरात वाजत होते, मला ही गोष्ट फार आवडते.

दिग्दर्शक शिनइचिरो वातानाबे, संगीत योको कान्नो यांचं. दोघांनी आधी 'मॅक्रॉस प्लस' ही अ‍ॅनिमेशन सिरीज एकत्र केलेली, त्यामुळे एकमेकांचा अंदाज होता. एरवी कसं असतं, सीन तयार होतो आणि संगीतकाराला सांगतात इथे चाळीस सेकंद दुःखी काहीतरी द्या. इथे कान्नोबाई न मागितलेल्या चाली करून आणायच्या, आणि वातानाबे त्या ऐकून नवीन सीन सुचवून घ्यायचे. हे वातानाबेंनी स्वतःच मुलाखतीत सांगितलंय. म्हणून भागांना भाग म्हणत नाहीत, सेशन म्हणतात, आणि नावंसुद्धा ब्लूज, वॉल्ट्झ, बॅलड अशीच. वाजवणाऱ्या बँडचं नाव सीटबेल्ट्स, जॅमिंग, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं एकत्र वाजवणं, इतकं जोरात चालतं की वादक पट्टे बांधून बसतात अशी त्यांची गंमतीची गोष्ट आहे, आणि 'टँक!' ऐकल्यावर ती पटते.

[दृश्य: सीडी प्लेअरमध्ये फिरणारी सीडी]

एक सांगून ठेवतो, या पहिल्या अल्बमवर 'द रिअल फोक ब्लूज' शोधू नका, ते माइ यामाने यांच्या आवाजातलं, भागाच्या शेवटी लागणारं गाणं 'व्हिटॅमिनलेस' नावाच्या छोट्या अल्बमवर आहे. पण त्यांचाच आवाज इथे 'रेन'मध्ये आहे. पाचव्या भागात सिरीजचा नायक स्पाइक चर्चकडे चालत जातो तेव्हा हेच गाणं पुरुषाच्या आवाजात लागतं. सुरुवातीचा तो चर्चचा ऑर्गन... पुढे काय होणार ते आधीच कळल्यासारखं होतं.

आणि ब्रास ऐकून आपले कान इतक्या पटकन का टवकारतात माहितीये, कारण तो आपल्याला परका नाहीच. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात आले, सी. रामचंद्रांच्या गाण्यांत चिक चॉकलेटचा ट्रंपेट आपण आजी-आजोबांच्या रेडिओवर ऐकलाय. मूळ झरा तोच, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांचा. तोक्योत तो वेगळ्या वाटेनं पोचला एवढंच.

[दृश्य: पडणारा बर्फ. संगीत हळूहळू वर]

आता सातवा ट्रॅक, 'स्पेस लायन'. सात मिनिटांचा आहे, घाई असेल तर नंतर ऐका पण तुकड्यातुकड्यात ऐकू नका. तेरावा भाग, गुरूचा चंद्र कॅलिस्टो, सगळीकडे बर्फ. ग्रेन नावाचा माणूस, जुना सैनिक आणि सॅक्सोफोन वाजवणारा, जखमी झालाय, वाचणार नाही हे त्याला कळलंय, आणि तो स्पाइकला म्हणतो मला टायटनच्या, म्हणजे शनीच्या चंद्राच्या, दिशेनं सोडून दे. या भागाला नेहमीचं शेवटचं गाणं लावलंच नाही, त्याच्या जागी हा ट्रॅक आहे. सॅक्स अगदी सावकाश वाजतो, दोन सुरांच्या मध्ये श्वास घेतल्यासारखा थांबतो, आणि ग्रेन सॅक्स वाजवायचा हे आठवलं की घशात काहीतरी अडकतं. मग पार लांबून ढोल येतात. मग माणसांचे आवाज, एक नाही, पुष्कळ, आफ्रिकन वाटावं असं समूहगान. मला त्यातला एकही शब्द कळत नाही आणि कधी कळायला हवा असं वाटलंही नाही. सॅक्स आता नाहीये, फक्त ते गाणारे लोक आणि ढोल, आणि तेही हळूहळू दूर जातात.

लगेच बंद करू नका. दोन सेकंद शांतता आहे, आणि मग 'वॉल्ट्झ फॉर झिझी'ची गिटार सुरू होते.

[पडदा काळा. गिटार.]