स्थलांतराचे धोरण आणि वहिवाटीचा प्रश्न

श्रोतेहो, स्थलांतराबाबत परंपरावादी काय म्हणतात असे विचारले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे भिंत आणि घोषणा उभ्या राहतात. त्या आहेतच, पण त्यांच्यामागे एक विचार आहे, आणि तो पटो वा न पटो, त्याच्या बाजूने एकदा मांडून पाहिल्याखेरीज त्याला नीट उत्तर देता येत नाही. वेळ थोडा आहे, म्हणून मी अमेरिका आणि ब्रिटन यांपलीकडे जाणार नाही.

या विचाराच्या मुळाशी वहिवाटीविषयीचा आदर आहे. ब्रिटिश राजकीय विचारवंत एडमंड बर्कने 1790 मध्ये समाजाचे वर्णन होऊन गेलेले, हयात असलेले आणि जन्माला यायचे असलेले अशा सर्वांची भागीदारी असे केले होते. रांगेत उभे राहणे, अनोळखी माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवणे, निवडणूक हरल्यावर मुकाट्याने खुर्ची सोडणे, या गोष्टी कायद्यात लिहून येत नाहीत. त्या पाहून पाहून अंगवळणी पडतात, आणि त्याला पिढ्या लागतात. म्हणून या मंडळींतला जो विचारी आहे, त्याचा आक्षेप माणसे येण्यापेक्षा ती किती वेगाने येतात याला अधिक असतो. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांचा 2007 चा अभ्यास ते हमखास पुढे करतात. अमेरिकेतल्या ज्या वस्त्यांत वांशिक विविधता जास्त, तिथे लोकांचा आपल्याच वंशाच्या शेजाऱ्यावरचा विश्वासही कमी, असे त्यात आढळले होते. काळ गेला की नवी, सामायिक ओळख घडू शकते, हे पुटनम यांचे पुढचे म्हणणे मात्र उद्धृत करताना बहुधा गळते.

वेगाच्या या काळजीआड दुसरेच काही लपू शकते, हे 1924 चा अमेरिकी स्थलांतर कायदा दाखवतो. 1921 च्या कायद्यात प्रत्येक देशातून वर्षाला किती माणसे घ्यायची याचा कोटा ठरला होता तो 1910 च्या जनगणनेवरून: त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत राहत होते, त्यांच्या 3 टक्के. तीन वर्षांनी टक्के 2 झाले आणि जनगणना घेतली 1890 ची. ताजी, 1920 ची जनगणना हाताशी असताना चौतीस वर्षे मागे का जायचे? कारण इटालियन, पोलिश आणि रशियातून आलेल्या ज्यूंची मोठी लाट 1890 नंतरची होती. दिसायला निव्वळ अंकगणित. पण आधारवर्ष बदलताच नको असलेल्यांसाठी दार फटीएवढे उरले. आशियासाठी तर तेही जवळजवळ बंदच झाले. भारताला कोटा मिळाला 1946 मध्ये, वर्षाला 100 माणसांचा. ही पद्धत 1965 मध्ये रद्द झाली. मधल्या चाळीस वर्षांच्या विरामामुळेच आधी आलेले लोक अमेरिकी जीवनात मुरले, असे परंपरावादी लेखक आजही सांगतात. त्यात तथ्य आहे, असे मलाही वाटते. मात्र एका पलटणीत लढलेल्या आणि एका कारखान्यात राबलेल्या तरुणांचे श्रेय त्या कोट्याला देणे मला पटत नाही.

दुसरी अडचण या विचाराच्या घरातलीच आहे. वहिवाट जपू पाहणारा आणि बाजार मोकळा ठेवू पाहणारा, दोघेही एकाच पक्षात असतात. रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांनी 1986 मध्ये ज्या कायद्यावर सही केली, तो सौदाच होता: विनापरवाना राहणाऱ्यांना कागदपत्रे द्यायची आणि यापुढे अशांना कामावर ठेवणाऱ्या मालकांना दंड करायचा. पहिले झाले, सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. दंडाची अंमलबजावणी ढिली राहिली. ‘आधी सीमा, मग कागद’ हा रिपब्लिकनांचा आजचा हट्ट त्या अनुभवातून आला आहे.

ब्रिटनमध्ये हाच पेच अधिक उघडा दिसतो. हुजूर पक्षाच्या एनॉक पॉवेल यांनी 1968 मध्ये बर्मिंगहॅमला स्थलांतराविरुद्ध जहाल भाषण केले, आणि पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना आपल्या नेतेमंडळातून काढले. हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या सुमारे 28 हजार आशियाईंना 1972 मध्ये आत घेणारे पंतप्रधानही हीथच. पुढे याच पक्षाने निव्वळ स्थलांतर, म्हणजे येणाऱ्यांतून जाणारे वजा केल्यावर उरणारा आकडा, वर्षाला एक लाखाच्या खाली आणू असे वचन दिले, आणि त्याच्याच राजवटीत, जून 2023 पर्यंतच्या वर्षात, ते 9 लाखांच्या आसपास गेले. विद्यापीठांना परदेशी विद्यार्थ्यांची फी हवी होती, वृद्धाश्रमांना हात हवे होते. स्थलांतर कमी करा म्हणून मत देणाऱ्या आजोबांना सकाळी अंथरुणातून उठवणारी बाई झिम्बाब्वेहून किंवा केरळहून आलेली असू शकते.

मग संस्कृतीचे काय? तिच्यासाठी ब्रिटनचे नागरिक होऊ पाहणाऱ्यांची परीक्षा आहे: 24 प्रश्न, 45 मिनिटे, उत्तीर्ण व्हायला 18 बरोबर. आठव्या हेन्रीच्या सहा राण्या पाठ करता येतात. रांग मोडणाऱ्याकडे इंग्रज माणूस अवाक्षर न बोलता ज्या नजरेने पाहतो, ती पाठ करता येत नाही. बर्कला हे सांगावे लागले नसते.

गुणांवर आधारलेली नवी व्हिसा पद्धत 2021 मध्ये लागू झाली, तेव्हा गृहमंत्री होत्या प्रीती पटेल. त्यांचे आईवडील युगांडाहून आलेले. या नियमांत ते बसले असते का, असे त्यांना आधीच एका मुलाखतीत विचारले गेले होते. कदाचित बसले नसते, हे त्यांनी नाकारले नाही.