प्रोबेशन चालू असताना दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत वाढलेला, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटात नोकरी करणारा आपल्यातलाच एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. एका रात्री बाचाबाची झाली, हात उचलला गेला, समोरच्याला चांगलीच दुखापत झाली. जॉर्जियाच्या कोर्टानं तुरुंगात न पाठवता 2 वर्षांचं प्रोबेशन दिलं, म्हणजे अटी पाळून, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली बाहेर राहायचं. नोकरी गेली, घरभाडं परवडेना. आई-वडील पुण्याला परतलेले. सख्खी बहीण टेक्सास राज्यात, डॅलसला आहे, ती फोनवर म्हणते, "बॅग भर आणि ये. आमच्याकडे राहा."

माया खरी आहे, पण त्यानं असं निघू नये. परवानगीशिवाय दुसऱ्या राज्यात मुक्काम हलवणं हाच प्रोबेशनचा भंग ठरतो. वॉरंट निघू शकतं आणि टळलेला तुरुंग पुन्हा समोर उभा राहतो.

जॉर्जियाच्या कोर्टाचा अधिकार जॉर्जियापुरता. म्हणून एकमेकांकडच्या अशा माणसांवर देखरेख ठेवण्याचा करार राज्यांनी आपसात केला आहे. पहिला 1937 सालचा, आणि आजचा 2002 पासून लागू झालेला. पन्नासही राज्यं, राजधानी वॉशिंग्टन, पोर्तो रिको आणि यूएस व्हर्जिन आयलंड्स त्यात आहेत. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टानं दिलेल्या प्रोबेशनची वाट वेगळी, तिच्याबद्दल मी आज बोलत नाही. लहानसहान गुन्ह्यांतली काही प्रकरणंही या करारात येत नाहीत, तरी निघण्याआधी आपल्या अधिकाऱ्याला विचारायचंच.

अर्ज प्रोबेशन अधिकाऱ्यामार्फत जातो. तो पाठवायचा की नाही, हे जॉर्जिया ठरवतं. पण एकदा तो गेला आणि अटी पूर्ण असल्या, तर टेक्सासला नाही म्हणता येत नाही. देखरेखीचे 90 दिवसांहून जास्त उरलेले हवेत. आतापर्यंतचं वागणं नीट हवं, म्हणजे हजेऱ्या चुकलेल्या नसाव्यात. आणि मुलगा गुन्ह्याआधी किमान वर्षभर सलग टेक्सासमध्ये राहिलेला असावा. नाहीतर तिथं त्याचं जवळचं माणूस असावं, मदत करायला तयार असलेलं, आणि मुलाला काम मिळण्याजोगं असावं किंवा पोटापाण्याची सोय असावी.

हे 'जवळचं माणूस' कोण, ते नीट ऐका. आई-वडील, सावत्र आई किंवा वडील, आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावशी, सज्ञान भावंडं, सज्ञान मुलं, नवरा किंवा बायको, कायदेशीर पालक. तेही त्या राज्यात किमान 180 दिवस राहिलेले. या यादीत चुलतभाऊ नाही, मामेबहीण नाही. आपण चुलतभावाला नुसतं भाऊच म्हणतो, त्याच्या घरी हक्कानं जातो. करार ते नातं मोजत नाही. चुलतभावाकडे जायचं असेल तर जॉर्जियाला टेक्सासकडे कारणं लिहून विनंती करावी लागते आणि ती मानायची की नाही, हे टेक्सासच्या हातात राहतं. फॉर्मवर 'भाऊ' असं सरसकट लिहू नका. खरं नातं लिहा.

अर्ज पोहोचल्यावर चौकशीला 45 दिवसांची मुदत असते. तोवर मुलानं जॉर्जियातच राहायचं. आधी जाण्याची परवानगी काही ठरावीक परिस्थितींतच मिळते, तीही लेखी. या 45 दिवसांत डॅलसचा अधिकारी बहिणीशी बोलेल, बहुधा घरी येईल. आणि माझा जीव इथंच अडकतो. आपल्या घरांत अशी गोष्ट झाकून ठेवतात. बहिणीनं नवऱ्याला सांगितलेलंच नसतं, सासू-सासरे घरात असतात, आणि दारात अधिकारी उभा राहतो. मेहुण्याच्या तोंडून "आम्हाला काहीच माहीत नाही" निघालं, की बहिणीनं दिलेला शब्द लटका पडतो. ताईंनो, अर्जाआधी घरातल्या मोठ्यांना समोर बसवा आणि सगळं सांगा. रडारड होईल, होऊ द्या.

मंजुरी आली की मुलगा डॅलसला जाऊन हजर होतो. टेक्सास त्याच्यावर आपल्याकडच्या माणसासारखीच देखरेख ठेवतं, जास्तीच्या अटीही घालू शकतं. प्रोबेशन किती काळ चालणार, हे मात्र जॉर्जियाच्याच हातात राहतं. जाण्याआधी त्यानं एका कागदावर सही केलेली असते: जॉर्जियानं परत बोलावलं तर मी हरकत घेणार नाही. ही सही वकिलाला विचारून, समजून करावी.

पुण्यातल्या आईचा प्रश्न मला ठाऊक आहे: "त्याला इकडेच नाही का पाठवता येणार?" नाही, या करारात भारत येत नाही. भेटीला यायचं तरी आधी लेखी परवानगी लागते, आणि ती हातात पडेपर्यंत, आई, त्याचं तिकीट काढू नका.