केसाच्या दोन सेंटिमीटरमध्ये

श्रोतेहो, नमस्कार.

निर्वासित मुलांसाठी काही करायचं म्हटलं की खेळ, चित्रकला, हस्तकला आलीच. मुलं हसतात, फोटो निघतात, अहवाल छापला जातो. पण मुलांच्या मनावरचा ताण खरंच हलका झाला का, हे तपासायला फारसं कोणी जात नाही.

जॉर्डनमध्ये मात्र ते तपासलं गेलं. २०११ नंतर सीरियातून लाखो लोक तिथे आले. झातारीची छावणी आपण बातम्यांत पाहतो, पण त्यांतले बहुतेक जण छावणीबाहेर, शहरांत आणि गावांत राहू लागले. तिथल्या किशोरवयीन मुलामुलींसाठी मर्सी कोअर या संस्थेने आठ आठवड्यांचा कार्यक्रम चालवला. त्यात सीरियन मुलांसोबत जॉर्डनमधली स्थानिक मुलंही होती, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. एकाच गल्लीतल्या मुलांपैकी निम्म्यांनाच बोलावलं, तर तेढ वाढायला आणखी काय लागतं?

येल विद्यापीठाच्या कॅथरीन पँटर-ब्रिक आणि जॉर्डनच्या शास्त्रज्ञ राणा दजानी यांच्या चमूने याचा अभ्यास केला. काही मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून आधी प्रवेश दिला, बाकीच्यांना नंतरच्या तुकडीत. म्हणजे तुलनाही झाली आणि कोणी वंचितही राहिलं नाही. प्रश्नावली होतीच, शिवाय मुलांच्या केसांचे नमुने घेतले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक त्यात साठत जातं. टाळूलगतचे दोन सेंटिमीटर तपासले की मागच्या दोन महिन्यांचा हिशेब हाती येतो. सुई टोचायला नको, रक्त काढायला नको.

निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. कार्यक्रमातल्या मुलांचं कॉर्टिसॉल तुलनेच्या गटापेक्षा ३८ टक्क्यांनी कमी झालं. गंमत म्हणजे ज्या थोड्या मुलांमध्ये ते मुळातच फार कमी होतं, त्यांच्यात ते वाढलं. अतिताणाने शरीर कधीकधी थकून गप्पही बसतं, त्यामुळे ही वाढसुद्धा चांगलीच. असुरक्षिततेची भावना आणि मनाची तगमगही कमी झाली. ज्यांनी चार किंवा अधिक भयानक प्रसंग भोगले होते, त्यांना फायदा जास्त झाला.

आता न बदललेलं सांगतो. युद्धाच्या आठवणींनी होणारा त्रास तसाच राहिला. इतरांना मदत करण्याच्या वृत्तीतही फरक दिसला नाही. हे निष्कर्ष लपवले नाहीत, म्हणून बाकीच्या आकड्यांवर माझा अधिक विश्वास बसतो. आणि पुढचं कामही त्यातूनच कळतं: गंभीर आघात झालेल्या मुलांना खेळ आणि हस्तकलेपलीकडचे, प्रशिक्षित माणसांकडून मिळणारे उपचार हवेत.

पुढे बऱ्याच महिन्यांनी पुन्हा पाहणी झाली. काही सुधारणा ओसरली होती, असुरक्षिततेची भावना मात्र पूर्वीपेक्षा कमीच होती. आठ आठवड्यांत घरभाडं फिटत नाही, वडिलांना कामाचा परवाना मिळत नाही. पुढच्या अभ्यासात मुलांच्या केसांसोबत घरातल्या या गोष्टींचीही नोंद व्हावी, असं मला वाटतं.

नमस्कार.