इन्फ्रारेड सॉना: श्रेय किरणांचे की उष्णतेचे?

श्रोतेहो, आज मला एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करायचा आहे. इन्फ्रारेड सॉनात, म्हणजे अवरक्त किरणांनी अंग तापवून घाम काढणाऱ्या खोलीत, बसल्याने शरीराला जो काही लाभ होत असेल, तो त्या किरणांच्या काही खास गुणामुळे होतो, की शरीर तापल्यामुळे होतो? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर बरेच अवलंबून आहे. जाहिरातींत सगळे श्रेय किरणांना दिलेले असते, आणि पुरावा म्हणून पुढे केलेले अभ्यास मात्र बहुधा किरणांचे नसून उष्णतेचे असतात, तेही कित्येकदा निराळ्याच प्रकारच्या सॉनात केलेले.

प्रथम किरणांविषयी. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली सूर्यप्रकाश लोलकातून जाऊ दिला, त्यातून पडलेल्या रंगपट्ट्यातील निरनिराळ्या रंगांत तापमापके ठेवली, आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, पारा सर्वांत जास्त चढलेला त्याला आढळला. या अदृश्य किरणांना आपण अवरक्त किरण किंवा इन्फ्रारेड म्हणतो. त्यांची तरंगलांबी साधारण ०.७८ मायक्रॉनपासून १००० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे एक मिलिमीटरपर्यंत, पसरलेली आहे, आणि सोयीसाठी त्यांचे निकटचे, मधले व दूरचे असे तीन भाग पाडतात. हे किरण दुर्मीळ मुळीच नाहीत. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार ते बाहेर टाकत असते, आणि वस्तू जितकी अधिक तापलेली तितकी तिच्या प्रारणाची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या किरणांची, मुख्य तरंगलांबी आखूड होत जाते. माणसाची त्वचा सुमारे साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक प्रारण करते. थोडक्यात, या सभागृहात बसलेला प्रत्येक जण या क्षणी शेजाऱ्यावर दूरचे अवरक्त किरण टाकतो आहे, आणि त्याबद्दल कोणी कोणाकडून शुल्क घेतलेले नाही.

इन्फ्रारेड सॉना म्हणजे लाकडी खोली आणि तिच्या भिंतींत, पाठीमागे, पायांशी बसवलेले हीटर. हे हीटर बहुतेक वेळा कार्बनचे रुंद पॅनेल असतात किंवा सिरॅमिकच्या नळ्या असतात. पॅनेलचे क्षेत्रफळ मोठे आणि तापमान कमी, नळ्यांचे क्षेत्रफळ लहान आणि तापमान जास्त. दोन्हींचे मुख्य प्रारण दूरच्या अवरक्त पट्ट्यातच मोडते. काही सॉनांत याऐवजी तापलेल्या तारेचे दिवे असतात. त्यांची तार दोन हजार अंशांहून अधिक तापत असल्याने त्यांतून निकटचे अवरक्त किरण आणि तांबडा प्रकाशही बाहेर पडतो. दिव्यांच्या उष्णतेने शेकण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील डॉक्टर जॉन हार्वी केलॉग यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच विजेच्या दिव्यांची पेटी बनवून रुग्णांना तीत बसवले होते, आणि तिचे गुण सांगताना त्यांनीही हात आखडता घेतला नव्हता.

अशा खोलीतील हवा साधारण ४५ ते ६० अंश सेल्सिअस असते. तेवढ्या हवेत इतका घाम कसा येतो, याचे आश्चर्य वाटते. थंडीच्या सकाळी हवा गार असताना उन्हात उभे राहिले की अंग तापते, तोच प्रकार इथे घडतो: किरण हवेला फारसे न तापवता थेट त्वचेवर येऊन शोषले जातात. फिनलंडच्या पारंपरिक सॉनात हवा ८० ते १०० अंश असते, तापलेल्या दगडांवर अधूनमधून पाणी टाकून वाफ काढतात, आणि या परंपरेचा समावेश युनेस्कोने २०२० साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला आहे. या दोन सॉनांची तुलना करताना ‘तिथे हवा तापवते, इथे किरण तापवतात’ असे सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. पारंपरिक सॉनाच्या भिंती ८५ अंशांना असतील, तर ३७ अंशांच्या त्वचेला त्या दर चौरस मीटरमागे सुमारे ४०० वॅट एवढी उष्णता केवळ प्रारणाने देतात. भौतिकशास्त्राचे प्राथमिक सूत्र वापरून हा हिशेब कोणालाही करता येईल. म्हणजे फिनिश सॉनात बसणारा माणूससुद्धा दूरच्या अवरक्त किरणांत न्हाऊन निघत असतो, फक्त त्याला तसे कोणी सांगत नाही.

आता ‘किरण खोलवर जातात’ या दाव्याकडे वळू. हे किरण चार-पाच सेंटिमीटर आत शिरतात, स्नायूंपर्यंत आणि अवयवांपर्यंत पोचतात, असे वारंवार लिहिलेले आढळते. त्वचेत पाणी भरपूर असते, आणि पाणी दूरच्या अवरक्त किरणांना अत्यंत जोरकसपणे शोषून घेते. त्यामुळे हे किरण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी जाडीत संपतात. निकटचे अवरक्त किरण काही मिलिमीटर आत जातात, हे खरे आहे, पण बहुतेक सॉना ज्या पॅनेलवर चालतात त्यांतून ते नगण्य प्रमाणात येतात. उष्णता आत पोचते ती तापलेल्या त्वचेतून फिरणाऱ्या रक्तामार्फत, आणि हे काम गरम पाण्याच्या टबातही तसेच होते. याचाच जुळा दावा असा की, शरीराच्या स्वतःच्या साडेनऊ मायक्रॉनच्या कंपनांशी जुळणारे किरण पेशी विशेष आवडीने घेतात. त्वचा दूरच्या अवरक्त पट्ट्यातील जवळपास सर्वच तरंगलांबी नव्वद टक्क्यांहून अधिक शोषते, त्यामुळे तिला आवडनिवड करण्याची गरजच उरत नाही.

शरीरात प्रत्यक्ष काय घडते, ते मात्र लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. त्वचा तापली की तिच्यातील रक्तवाहिन्या रुंदावतात. एरवी मिनिटाला अर्ध्या लिटरहून कमी रक्त त्वचेतून वाहते, ते तीव्र उष्णतेत सहा-सात लिटरपर्यंत वाढू शकते. एवढे रक्त पुरवण्यासाठी हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्यांचा विरोध कमी झाल्याने रक्तदाब उतरण्याकडे कल होतो, आणि घाम सुटतो. नियमितपणे असे तापणे घडले तर रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराचे काम सुधारते, असे दाखवणारे अभ्यास आहेत, आणि त्यामागची कारणमीमांसाही पटण्यासारखी आहे: वाढलेल्या प्रवाहामुळे अस्तरावर ताण येतो आणि ते रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड अधिक प्रमाणात तयार करते. मात्र ही साखळी सुरू होण्यासाठी शरीर पुरेसे तापले पाहिजे.

सॉनाच्या बाजूने सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास पूर्व फिनलंडमधील कुओपिओ परिसरातला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षे मागोवा घेतला गेला. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत, एकदाच घेणाऱ्यांच्या तुलनेत, अकस्मात हृदयमृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी कमी आढळला. आकडा प्रभावी आहे, परंतु हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. जो आजारी आहे, थकलेला आहे, तो सॉनात कमी जाणार, आणि जो रोज जातो त्याची प्रकृती मुळातच बरी असण्याचा संभव अधिक. संशोधकांनी वय, धूम्रपान, रक्तदाब वगैरे गोष्टी हिशेबात धरल्या, तरी ही शंका पूर्णपणे फिटत नाही. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, त्या सॉनांचे तापमान सरासरी ७९ अंशांच्या आसपास होते. इन्फ्रारेड खोलीच्या जाहिरातीत हा आकडा छापणे म्हणजे दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकावर आपले नाव घालणे होय.

खास इन्फ्रारेड उष्णतेवर झालेले सर्वांत शिस्तबद्ध काम जपानमधले आहे. कागोशिमा विद्यापीठातील हृदयरोगतज्ज्ञ चुवा तेई यांनी हृदयाची कार्यक्षमता घटलेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या, रुग्णांसाठी ‘वाओन’ नावाची उपचारपद्धती विकसित केली. रुग्णाला ६० अंशांच्या कोरड्या इन्फ्रारेड खोलीत १५ मिनिटे ठेवायचे, बाहेर काढल्यावर ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणखी ३० मिनिटे झोपवायचे, आणि घामावाटे गेले तेवढे पाणी परत प्यायला द्यायचे. या पद्धतीत शरीराच्या गाभ्याचे तापमान सुमारे एक अंशाने वाढते. प्रारंभीच्या लहान अभ्यासांचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. नंतर जपानमधील १९ रुग्णालयांत मिळून १४९ रुग्णांवर तुलनात्मक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. हृदयावरील ताण दाखवणारा बीएनपी हा रक्तातील घटक, जो या चाचणीचा मुख्य निकष होता, त्यात दोन गटांमधला फरक निर्णायक ठरला नाही, मात्र सहा मिनिटांत चालता येणारे अंतर आणि हृदयाचा क्ष-किरणांत दिसणारा आकार यांत सुधारणा आढळली. चाचणीत कोणत्या गटात आपण आहोत हे रुग्णांना लपवणे शक्य नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. माझ्या मते हा निकाल ‘आशादायक, पण अपुरा’ या सदरात मोडतो. त्याचे श्रेय घेणाऱ्यांनी ब्लँकेटमधल्या अर्ध्या तासाचा, मोजून दिलेल्या पाण्याचा आणि शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांचाही उल्लेख करावा, एवढीच अपेक्षा आहे.

ब्लँकेटचा मुद्दा क्षुल्लक नाही, कारण ते उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि शरीराचा गाभा तापतो की नाही हे त्यावरही ठरते. अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली निरोगी तरुण व्यक्तींवर केलेली तुलना प्रसिद्ध केली. साडेचाळीस अंशांच्या पाण्यात ४५ मिनिटे बसल्यावर गाभ्याचे तापमान सुमारे १.१ अंशांनी वाढले, पारंपरिक सॉनात दहा-दहा मिनिटांच्या तीन बैठकींनंतर सुमारे ०.४ अंशांनी वाढले, आणि इन्फ्रारेड सॉनात ४५ मिनिटे बसूनही ते जवळजवळ हलले नाही. त्वचा तापली, घाम आला, पण घामाने आपले काम चोख बजावले आणि आतले तापमान राखले. सोसण्यास सोपा असणे हा इन्फ्रारेड सॉनाचा गुण सांगितला जातो, आणि तो गुण खराच आहे, कारण ज्यांना नव्वद अंशांच्या हवेत श्वास कोंडल्यासारखा वाटतो त्यांना इथे बसवते. परंतु सोसण्यास सोपा म्हणजे शरीरावर कमी भार, आणि कमी भार म्हणजे परिणामही कमी असण्याची शक्यता.

वेदनांच्या बाबतीत नेदरलँड्समध्ये संधिवाताच्या दोन प्रकारांतील प्रत्येकी १७ रुग्णांवर चार आठवडे इन्फ्रारेड सॉनाचा प्रयोग झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. सॉनात असताना दुखणे आणि ताठरपणा कमी झाला, त्रास कोणाला झाला नाही, पण टिकाऊ सुधारणा ठामपणे सिद्ध झाली नाही. व्यायामानंतरचा थकवा, झोप, मनाची शांतता यांविषयीचे अभ्यास फार लहान आहेत. नैराश्यावर मात्र एक कुतूहल वाढवणारी चाचणी २०१६ साली झाली: तीत इन्फ्रारेडने गाभ्याचे तापमान मुद्दाम साडेअडतीस अंशांपर्यंत चढवले होते, तुलनेच्या गटाला दिवे, पंखे आणि सौम्य उष्णता असलेला हुबेहूब देखावा दिला होता, आणि एकाच बैठकीचा परिणाम सहा आठवड्यांपर्यंत दिसला. रुग्ण केवळ तीसच्या आसपास होते. इथेही तापमान मोजून वाढवलेले होते, हे विसरू नये.

घामावाटे विषद्रव्ये बाहेर पडतात, हा दावा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्चा आहे. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. त्यात धातूंचे सूक्ष्म अंश सापडतात हे खरे, पण सापडणे आणि शरीर स्वच्छ होणे यांत मोठे अंतर आहे. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि यकृत अहोरात्र राबत असते. चरबीत विरघळणारी प्रदूषके तर पाणीदार घामात फारशी येतच नाहीत. वजन घटण्याचे गणितही असेच फसवे आहे. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते, आणि ‘एका बैठकीत ६०० कॅलरी’ हा आकडा बहुधा तिथून आला असावा, पण ती उष्णता पुरवली हीटरने, चरबीने नव्हे. बाहेर येऊन पाणी प्यायले की काटा पूर्ववत होतो.

शेवटी कोणी जपून राहावे, याविषयी. छातीत वारंवार दुखत असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा महाधमनीची झडप फार अरुंद झाली असेल, तर सॉना टाळावा. गर्भारपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, शरीर फार तापणे गर्भाच्या मज्जासंस्थेच्या घडणीला घातक ठरू शकते. मधुमेहामुळे पायांची संवेदना बोथट झालेल्यांना हीटरजवळ भाजल्याचे कळत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांची लक्षणे उष्णतेने तात्पुरती वाढतात. रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून त्यांनी हळूहळू उठावे, आणि मद्य घेऊन तर कोणीच आत जाऊ नये. त्वचेवर फेन्टानिलसारख्या वेदनाशामकाची पट्टी लावलेली असेल, तर उष्णतेने औषध झपाट्याने रक्तात उतरते आणि श्वास मंदावण्याइतका डोस होऊ शकतो. सॉनाला जाण्याआधी डॉक्टरांना विचारताना लोक गोळ्यांची यादी सांगतात आणि पाठीवर चिकटवलेली पट्टी नेमकी विसरतात, तेव्हा तीही आठवणीने सांगावी.