दुसरा भाग वाचताना गल्लीचा नकाशा काढा

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेत ‘स्ट्रीट लिट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरी कादंबऱ्यांचा दुसरा भाग बऱ्याचदा तुरुंगाच्या फाटकापाशी सुरू होतो. पहिल्या भागात नायक आत जातो, दुसऱ्यात बाहेर येतो. मधल्या काळाचा हिशेब कायद्यातच सापडतो. १९८६च्या अमेरिकी कायद्यानुसार ५ ग्रॅम क्रॅक, म्हणजे ओढायचं खड्यांसारखं कोकेन, विकायला बाळगलं तर किमान ५ वर्षांची सजा होती. ५ ग्रॅम म्हणजे चमचाभर साखर! पावडर कोकेनसाठी तीच सजा ५०० ग्रॅमला. २०१०मध्ये क्रॅकची मर्यादा २८ ग्रॅम झाली. कथा कोणत्या साली घडते हे आधी पाहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता एक कोरा कागद घ्या. पहिल्या भागात नायक जिथे जिथे नशा करायचा किंवा माल घ्यायचा, त्या जागा त्यावर मांडा: कोपऱ्यावरचं दारूचं दुकान, सार्वजनिक फोन, बंद लिफ्टची इमारत, मैत्रिणीचं न्हाणीघर. दुसरा भाग वाचताना त्याचे पाय या जागांकडे वळले की पानाचा आकडा तिथे लिहा. पुन्हा नशा करण्याचा प्रसंग समजा २१०व्या पानावर आहे. कागदावरचे आकडे मात्र ६०-७०पासूनच दाट होत गेलेले दिसतील. लेखक चांगला असेल तर घसरण तिथेच सुरू झालेली असते आणि २१०वं पान ही नुसती पोच असते.

समजा, नायक जुन्या मित्राच्या आईला भेटायला निघालाय. हातात फळांची पिशवी, मनात काही वावगं नाही. चौथ्या मजल्याच्या वळणावर अंधारात कुणाच्या तरी लायटरची खटकी वाजते. तेवढ्यावर तोंड कोरडं पडतं, पोटात मुरडा येतो, हाताला घाम सुटतो. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. वर्षानुवर्षं त्या खटकीमागोमाग नशा आलेली असते, म्हणून शरीर आधीच तयारीला लागतं.

ली रॉबिन्स या संशोधिकेने व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला होता. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनात अडकले. कारणं अनेक असतील, पण ती छावणी, तो स्वस्त माल, ते सोबती घरी नव्हते. शहरी कादंबरीच्या नायकाचं नेमकं उलट होतं. तो सुटून त्याच गल्लीत येतो.

मात्रेकडेही लक्ष असू द्या. अंगाची सवय मोडलेली असते आणि नायक जुन्याच मापाने हेरॉइन घेतो. श्वास मंदावतो, ओठ निळसर पडतात, घशातून घरघर येते. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांचा २००७मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका इतर लोकांच्या १२९ पट होता. तेव्हा सुटकेनंतर आठवड्याभरातच नायक गेला तर लेखकाने घाई केली असं म्हणू नका.

चुकाही सापडतात. हेरॉइन सुटल्यावरची थरथर, उलट्या, हाडं मोडून येणं हे साधारण ८ ते १२ तासांत सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि आठवडाभरात बरंचसं ओसरतं. महिन्याने उरते ती झोपमोड, चिडचिड, उदासी. महिनाभरानंतरही नायक घामाघूम होऊन लोळतोय, तर लेखकाने ऐकीव माहितीवर भागवलंय. डेट्रॉइटचा कादंबरीकार डोनाल्ड गोइन्स असा चुकत नसे, कारण तो स्वतःच हेरॉइनच्या विळख्यात होता. दुसरी चूक नॅलोक्सोनची, म्हणजे अतिमात्रेवरच्या उताऱ्याची. हेरॉइनवर ते चालतं, क्रॅकवर नाही. नाकात मारायच्या तयार स्प्रेला अमेरिकेत परवानगी मिळाली २०१५मध्ये, त्यामुळे १९९५च्या न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीत तो कुणाच्या खिशात असू शकत नाही. आणि त्याचा असर ३० ते ९० मिनिटं टिकतो. उठलेला माणूस पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, त्याच्याजवळ कुणीतरी बसून राहावं लागतं. ते बसून राहणं कादंबऱ्यांत फार क्वचित येतं.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, ‘गर्द’ या नावाने मुंबई-पुण्यात पसरली आणि १९८६मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. व्यसनमुक्तीच्या कामातली माणसं ‘स्लिप’ आणि ‘रिलॅप्स’ यांत फरक करतात. एकदा पाय घसरला ती स्लिप, जुन्या रगाड्यात परतला तो रिलॅप्स. या दोहोंमध्ये एक वाक्य उभं असतं: ‘आता गेलंच आहे, तर जाऊ दे.’ दुसऱ्या भागात ते वाक्य शोधा. नायक ते मोठ्याने बोलणार नाही. बहिणीचा फोन वाजत राहील आणि तो उचलणार नाही, एवढंच असेल.

शेवटच्या प्रकरणात लेखक बहुधा नायकाला बसमध्ये बसवून दुसऱ्या शहरी धाडतो. व्हिएतनामचे सैनिक आठवले तर ही वाट खोटी नाही. पण १९८२चा उंदरांवरचा एक प्रयोगही लक्षात ठेवा. हेरॉइनची सवय लावलेल्या उंदरांना एकदम मोठी मात्रा दिली. नेहमीच्या खोलीत ३२ टक्के मेले, अनोळखी खोलीत त्याच मात्रेने ६४ टक्के. कारण ओळखीच्या जागी शरीर आधीच सावरून बसतं, परक्या जागी बेसावध असतं. तेव्हा नायक नव्या शहरातल्या भाड्याच्या खोलीचं दार आतून लावतो, तिथे पुस्तक मिटू नका. त्याच्या खिशात काय आहे, ते मागच्या दोन पानांत परत पाहा.