सॅम, वन मोअर

[दृश्य: सकाळ, धुकं, रस्त्याकडेचा छोटा बसस्टॉप]

सकाळचे सव्वासात, नोव्हेंबर महिना, आणि थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघतेय. हा दक्षिण कोरियातला उइसॉंग जिल्हा, देगू शहरापासून बसनं तासाभरावर. शेतात ते प्लॅस्टिकचे लांबच लांब पट्टे अंथरलेत ना, त्याच्याखाली लसूण आहे. हा जिल्हाच लसणाचा. २०१८ च्या विंटर ऑलिंपिकमध्ये कर्लिंगला सिल्व्हर मिळवणारी कोरियन मुलींची टीम आठवत असेल, त्यातल्या बहुतेक जणी इथल्याच, म्हणून त्यांचं नावच पडलं गार्लिक गर्ल्स. मी निफाडकडची, कांदा-लसणाच्या वासात वाढलेली, त्यामुळे पहिल्यांदा इथे उतरले तेव्हा मला उगाच माहेरी आल्यासारखं वाटलं होतं.

स्टॉपवर जाडजूड जाकीट घालून उभी आहे ती सॅम. हे तिचं खरं नाव नाही. कोरियनमध्ये शिक्षकाला म्हणतात सॉनसेंगनिम, पोरांना एवढं लांबलचक बोलायला वेळ कुठे, ते त्याचं करतात सॅम. आपण 'मॅडम'चं 'मॅम' करतो तसंच. शाळेतले सगळेच शिक्षक सॅम, पण मला हिच्याच तोंडून हा शब्द पहिल्यांदा कळला म्हणून माझ्यासाठी ती सॅम.

सॅम डर्बनची, साउथ आफ्रिकेची. चेहरा बघून तुम्हाला वाटेल आपलीच कुणीतरी, आणि ते तसं खोटंही नाही, १८६० पासून मद्रासकडून जी माणसं नाताळ प्रांतात उसाच्या मळ्यात राबायला नेली त्यातलेच तिचे खापरपणजोबा. पण तमिळ तिला येत नाही, अम्मा-अप्पा सोडून. आणि गंमत बघा, इथे येऊन पहिल्याच आठवड्यात तिनं एका पोराला रडत रडत "ऑम्मा! आप्पा!" ओरडताना ऐकलं. कोरियनमध्ये पण आईबाबांना तेच म्हणतात. ती म्हणते, अख्ख्या भाषेतले दोन शब्द मला आधीच येत होते.

[दृश्य: शाळेचं दार, बुटांचं कपाट]

शाळेत शिरताना पहिलं काम, बूट काढायचे आणि आतल्या स्लिपर घालायच्या. हे शिकवायला कुणाला ट्रेनिंग लागत असेल, आपल्याला नाही. सॅमच्या ओळखीचा एक कॅनेडियन टीचर महिनाभर विसरून बुटासकट आत जायचा आणि सफाईवाल्या मावशी फडकं घेऊन त्याच्या मागे मागे.

सॅमला एक शाळा नाही, तीन आहेत. सोमवार-मंगळवार-बुधवार तालुक्याच्या गावी, गुरुवार आणि शुक्रवार दोन खेड्यांत. सरकारी शाळांमध्ये परदेशी इंग्रजी शिक्षक आणायचा कार्यक्रम कोरियात १९९५ पासून आहे, एपिक म्हणतात त्याला. दोन वर्षांनी, १९९७ ला, तिसरीपासून इंग्रजी हा विषयच आला. आठवड्याला बावीस तास शिकवायचं, प्रायमरीचा एक तास चाळीस मिनिटांचा, सकाळी आठ-चाळीस ते दुपारी चार-चाळीस शाळेत हजर राहायचं. राहायला घर फुकट, आणि पगार साधारण वीस ते पंचवीस लाख.

थांबा, रुपये नाही, वॉन. एका रुपयाला सोळाएक वॉन धरा, म्हणजे सव्वा-दीड लाख रुपये. पण घरी फोनवर "पंचवीस लाख पगार आहे" असं सांगून पुढे गप्प बसण्यात जी मजा आहे ती वेगळीच, माझ्या नवऱ्यानं ती दोन महिने घेतली होती.

[दृश्य: वर्ग, तिसरीची सात मुलं]

आता हा वर्ग बघा. सॅम विचारते, "हाउ आर यू?" आणि सातही जण एका सुरात, एका दमात, "आयम फाइन थँक्यू अँड यू!" कुणाला ताप असो, कुणाचं भांडण झालेलं असो, सगळे फाइन. सॅमनं सहा महिने खर्च केले हे मोडायला. आता त्यातला एक "आयम हंग्री" म्हणतो. रोज. सकाळी नऊ वाजता. पण ते त्याचं स्वतःचं वाक्य आहे म्हणून ती त्यावर खूश आहे.

कोरियन लिपीत एफ नाही. त्यामुळे फॅमिलीची पेमिली होते, कॉफीची कॉपी. झेड नाही, म्हणून पिझ्झाचा पिजा. आणि दोन व्यंजनं एकत्र आली की मध्ये एक स्वर घुसतो. उत्तर भारतात इस्कूल म्हणतात ना, इथे सुकूल. सॅम आरसा घेऊन बसते, खालचा ओठ दाताखाली धरून दाखवते, "फफफ". पोरं पण धरतात, आणि मग हवा सोडण्याऐवजी सगळी थुंकी सोडतात आणि हसत सुटतात, आणि ती चाळीस मिनिटं तिथेच संपतात.

मागे उभ्या आहेत त्या को-टीचर. कायद्यानं सॅम ही असिस्टंट आहे, वर्ग खरा कोरियन शिक्षिकेचा. कागदं त्यांची, मार्क त्यांचे, आईबापांचे फोन त्यांना, आणि वर सॅमचं बँक खातं, सॅमचा गॅसचा बंब, सॅमचा दात दुखला तर डेंटिस्ट हे पण त्यांनाच. परदेशी टीचर लोकांमध्ये को-टीचरबद्दल कुरकुर खूप चालते, आयत्या वेळी सांगतात, आज तास नाही, आज उलट दोन जास्त आहेत, आज अख्खी शाळा डोंगरावर चाललीय आणि तू सँडल घालून आलीस. खरंय ते. पण मला विचाराल तर या बाईंच्या जागी मी असते तर मी कधीच राजीनामा दिला असता.

टीमा पाडायच्या असल्या, कोण आधी बोलणार हे ठरवायचं असलं, शेवटचं चॉकलेट कुणाला, सगळ्याला एकच कोर्ट, काई-बाई-बो. कात्री, दगड, कापड. निकाल लागला की अपील नाही. सॅम म्हणते की वर्गात शांतता करायला तिला इंग्रजीचा शून्य उपयोग होतो, मूठ वर केली की सगळे गप्प.

[दृश्य: जेवणाचा हॉल, स्टीलचे ताट, भिंतीवर मेनू]

बारा वाजले. स्टीलचं खणाचं ताट, भात, सूप, आंबवलेल्या तिखट कोबीची किमची, दोन भाज्या, आणि स्टीलच्याच चॉपस्टिक, ज्या लाकडी चॉपस्टिकपेक्षा दुप्पट निसटतात. सॅम बीफ खात नाही, आजीला शब्द दिलाय. इथे सूप म्हटलं की त्यात काय असेल सांगता येत नाही. मग ती वाचते काय? भिंतीवरचा महिन्याचा मेनू बघा, प्रत्येक पदार्थापुढे बारीक आकडे आहेत. हे ॲलर्जीचे नंबर, अख्ख्या देशात तेच. एक म्हणजे अंडं, दोन दूध, पाच सोयाबीन, दहा पोर्क, सोळा बीफ. कोरियन वाचता यायच्या आधी तिला सोळा वाचता येत होतं. महिन्याच्या एक तारखेला ती पेन घेऊन सगळ्या सोळांना गोल करते आणि त्या दिवशी घरून डबा.

आणि कॉरिडॉरमध्ये भेटणारा प्रत्येक जण तिला विचारतो, "पाब मॉगॉस्सॉयो?" भात खाल्ला का? म्हणजे जेवलात का. इंग्रज माणसाला हे विचित्र वाटतं, आता काय हा मला जेवायला नेणार का! आपल्याला यात काय सांगायचं. वाक्यसुद्धा आपल्यासारखंच, क्रियापद शेवटी, मोठ्यांना वेगळं, लहानांना वेगळं. मराठी माणसाला कोरियन अवघड जातं ते उच्चारात, वाक्यात नाही.

[दृश्य: मोकळा स्टाफरूम, हीटर]

दुपारी तास नाहीत. पण निघायचं नाही. याला परदेशी लोकांनी नाव ठेवलंय डेस्क वॉर्मिंग, खुर्ची ऊबदार ठेवायची ड्युटी. जानेवारीत तर शाळेला सुट्टी, मुलं नाहीत, बाकीचे शिक्षक नाहीत, इंग्लिश कॅम्प दोन आठवड्यांत उरकतो, आणि उरलेले दिवस सॅम आणि एक हीटर. मागच्या हिवाळ्यात तिनं इथे बसून दोन स्वेटर विणले.

आता थोडं माझं. मी पुण्यातून इंग्रजीत एमए केलंय, बीएड आहे, आठ वर्षं शिकवलंय. नवऱ्याच्या रिसर्चमुळे देगूला आलो. पहिल्याच महिन्यात एका हाग्वॉनला फोन केला, हाग्वॉन म्हणजे खासगी क्लास. बाई छान बोलत होत्या, पाच मिनिटं, दहा मिनिटं, माझ्या इंग्रजीचं कौतुक, आणि मग एकच प्रश्न, पासपोर्ट कुठला? इंडिया म्हटल्यावर फोनवर जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते.

नियमच आहे तसा. इंग्रजी शिकवायचा जो ई-टू व्हिसा, तो सात देशांच्या पासपोर्टला: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, साउथ आफ्रिका. डिग्री कुठल्याही विषयातली चालते. सॅमची बीकॉमची आहे. २०१० पासून भारत-कोरिया व्यापार करारात एक खिडकी उघडली, की इंग्रजीची डिग्री आणि शिक्षकाची पात्रता असलेला भारतीय सरकारी शाळेत असिस्टंट म्हणून येऊ शकतो. कागदावर. त्या खिडकीतून आलेलं मला तरी अजून कुणी भेटलेलं नाही.

सॅमला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, मला पण सातवीपासून पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं याचं पत्र आणावं लागलं, अमेरिकनाला कुणी मागत नाही. आणि पूर्वी तर या परदेशी शिक्षकांना एचआयव्हीची टेस्ट पण सक्तीची होती, कोरियन शिक्षकांना नाही, फक्त यांना. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेनं ते मान्य केलं नाही, प्रकरण यूएनच्या वंशभेदविरोधी समितीपर्यंत गेलं, २०१५ ला निकाल तिच्या बाजूनं लागला आणि २०१७ ला ती अट गेली.

[दृश्य: देगू, रात्र, क्लासच्या पाट्यांनी भरलेली इमारत]

हाग्वॉनची दुनिया वेगळीच. शाळेतला सॅम पावणेपाचपर्यंत मोकळा, हाग्वॉनवाला दुपारी सुरू होतो आणि रात्री संपतो. सोलमध्ये रात्री दहानंतर क्लास बंद ठेवायचा नियम करावा लागला, यावरून समजा. पगार थोडा बरा, सुट्ट्या कमी. वर्ष पूर्ण केलं की एक महिन्याचा पगार वर मिळतो, म्हणून अकराव्या महिन्यात काहीतरी खुसपट काढून हाकलणारे मालक, हा इथल्या टीचर लोकांच्या गप्पांमधला ठरलेला विषय.

आणि एवढं सगळं कशासाठी, तर सुनुंगसाठी. बारावीच्या शेवटी कॉलेजप्रवेशासाठी द्यायची परीक्षा, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, अख्ख्या देशात एकदम. त्या दिवशी शेअर बाजार तासभर उशिरा उघडतो, उशीर झालेल्या पोरांना पोलीस मोटरसायकलवरून सेंटरला सोडतात, आणि दुपारी एक-पाच ते एक-चाळीस, इंग्रजी लिसनिंगची टेस्ट चालू असताना, देशात एकही विमान उतरत नाही की उडत नाही. पस्तीस मिनिटं. आपल्याकडे बारावीच्या पेपरला शेजारच्या मंडपातला स्पीकर बंद करायला लावताना काय काय करावं लागतं ते आठवा.

[दृश्य: सॅमची खोली]

सॅमचं घर म्हणजे एक खोली, त्यालाच वनरूम म्हणतात. किल्ली नाही, दाराला नंबर. जमीन खालून तापते, ओन्दोल, त्यामुळे पलंग असून ती जमिनीवरच झोपते. सगळ्यात अवघड गेलं काय, तर कचरा. तो ठरलेल्या पिशवीतच टाकायचा, पिशवी विकत घ्यायची, ओला वेगळा, बाटल्या वेगळ्या. पहिल्या महिन्यात तिनं साध्या पिशवीत कचरा टाकला आणि सकाळी ती पिशवी परत तिच्या दाराशी, वर चिठ्ठी. शेजारच्या हालमॉनी, म्हणजे आजी, स्वतः येऊन हाताला धरून शिकवून गेल्या. या महिन्यात किमची घालायचा मोसम, किमजांग, तर त्याच आजींनी सॅमला कोबीच्या ढिगासमोर बसवून लसूण सोलायला लावला. पाच तास. मजुरी एक डबा किमची आणि "लग्न का नाही केलंस" हा प्रश्न चार वेळा.

देगूला ती शनिवारी येते, माझ्याकडे वरणभात खाते. देगूत उन्हाळा इतका कडक की लोक त्याला देफ्रिका म्हणतात, देगू अधिक आफ्रिका. सॅम म्हणते, डर्बनमध्ये मी एवढी कधी भाजले नाही.

[दृश्य: खेड्यातली शाळा, शुक्रवार]

ही शुक्रवारची शाळा. इमारत दोन मजली, मैदान मोठं, झोपाळे रंगवलेले. मुलं अकरा. कोरियात २०२३ ला जन्मदर ०.७२ वर आला, म्हणजे दोन माणसांमागे एक मूलसुद्धा नाही, आणि खेड्यात तर तरुण माणूसच राहिलेला नाही. शेजारच्या गावची शाळा बंद झालीय, तिच्या मैदानात आता लसूण वाळवतात. पुढच्या मार्चला इथे पहिलीत कुणी येणार आहे का, हे मी मुख्याध्यापकांना विचारलं तर त्यांनी मला कॉफी विचारली.

सहावीत एकच मुलगा आहे. सॅमचा गेम दोन टीमचा असतो, स्क्रीनवर आकडे, आकड्यामागे पॉइंट नाहीतर बॉम्ब. टीम ए तो, टीम बी सॅम. को-टीचर अंपायर.

तो आकडा निवडतो. सेव्हन. उच्चार सेबन होतो, थांबतो, ओठ दाताखाली धरतो, परत म्हणतो, सेव्हन. मागे बॉम्ब निघतो. सगळे पॉइंट गेले. तो डोकं बाकावर आपटतो, को-टीचर हसतात, बाहेर शाळेच्या बसनं हॉर्न दिलाय, ड्रायव्हर काका दोनदा देतात आणि मग निघतात.

"सॅम," तो मूठ वर करून म्हणतो, "वन मोअर."

काई, बाई, बो.